कॉस्टिक मोजून, पाणी बेताने

अभ्यंगस्नानाला घरचा साबण हवा, असा बेत दिवाळीच्या आठवड्यात आखला तर ती वडी वापरायला देवदिवाळी उजाडेल. साबण मुरायला चार ते सहा आठवडे घेतो. तेव्हा तयारी गणपती उठले की लगेच. कोरडं कॉस्टिक हाती घ्यायलाही तोच काळ बरा, कारण ऐन पावसाळ्यात पुडी उघडी राहिली की कॉस्टिक सोडा हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. काट्यावर शंभर ग्रॅम दिसतात, पण त्यात सोडा तेवढा नसतो.

उपनगरातल्या माणसाला हे शिकायला लांब जायला नको. बोरिवलीला शिंपोलीत खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं सी. बी. कोरा केंद्र आहे. साबण बनवायचे अभ्यासक्रम तिथे चालत आले आहेत. आयोगाचं मुख्यालय पार्ल्याला इर्ल्यात. १९५६च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या आयोगाने कडुनिंब, मोह, करंज अशा अखाद्य तेलांच्या साबणाला ग्रामोद्योगात जागा दिली. खायचं तेल साबणात जाऊ नये हा त्यामागचा हिशेब. आपण घरी खोबरेलच ओततो, ती चैन.

आता गणित. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतं याचा आकडा ठरलेला असतो. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. किलोमागे खोबरेल आणि एरंडेलात ५५ ग्रॅमचा फरक पडतो. म्हणूनच मैत्रिणीच्या कृतीतलं एक तेल बदलून बाकी सगळं तसंच ठेवणं धोक्याचं. गंमत म्हणजे हा आकडा मोजायची रीत १८७९ मध्ये रसायनतज्ज्ञ कोएट्सटॉर्फर यांनी मांडली ती लोण्यातली भेसळ पकडण्यासाठी. मात्र पुस्तकातला आकडा पोटॅशचा असेल तर त्याला १.४०३ने भागायचं, तेव्हा कॉस्टिक सोड्याचा मिळतो.

समजा ६०० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम शेंगदाणा आणि १५० ग्रॅम एरंडेल घेतलं. १०९.८ अधिक ३४ अधिक १९.२, म्हणजे १६३ ग्रॅम कॉस्टिक. त्यातून पाच टक्के कमी करायचं, की १५५ उरतात. थोडं तेल मोकळं राहतं, ते कातडीला मऊ आणि चुकीला आधार.

हा आधार किती तोकडा, ते पाहा. एक लिटर खोबरेल भरतं सुमारे ९२० ग्रॅम. ते किलो समजून पाच टक्के वजा करून १७४ ग्रॅम कॉस्टिक घातलंत, तर लागणार होतं फक्त १६८. पाच टक्के कधीच संपले, वर सहा ग्रॅम जास्तच. माप, वाटी, चमचा इथे चालत नाहीत. एक ग्रॅम दाखवणारा काटा हवाच.

पाण्याचं तसं नाही. पाणी या क्रियेत खर्च होत नाही, ते फक्त कॉस्टिक विरघळवून तेलापर्यंत नेतं. कॉस्टिकच्या वजनाइतकं पाणी ही खालची मर्यादा. नवख्याने दुप्पट घ्यावं, वरच्या हिशेबात ३१० ग्रॅम. हवा दमट असेल तर दीडपट, २३० च्या आसपास. वडी लवकर वाळते. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. बोअरवेलच्या पाण्यातला चुना साबणाची साय बनवतो.

कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही नाही. मिश्रण उकळीच्या जवळ तापतं, वाफ घशाला लागते, म्हणून खिडकीशी उभं राहून, हातमोजे-चष्म्यासकट. भांडं स्टीलचं. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं कॉस्टिक खाऊन टाकतं आणि हायड्रोजन सोडतं.

उटण्यातली हळद घालायचा मोह अनेकांना होतो. ती लालसर पडते. हळदीचं कुंकू होतं तेही अल्कलीनेच. पण या लालीवरून साबणात जादा कॉस्टिक उरलंय का, हे कळत नाही. चांगला साबणही हळदीचा डाग लाल करतोच. जादा कॉस्टिक ओळखायला चार आठवड्यांनी ओल्या बोटाने वडी चोळून बोट जिभेला लावतात. झिणझिणलं तर अंगाला नको. थोडंच जास्त असेल तर ती वडी लादी घासायला, तीही हातमोजे घालून.