घाटावरून घाटाखाली : अप-डाऊनसाठी जुनी गाडी घेताना

बुलढाणा जिल्ह्यात माणसाचा पत्ता विचारताना पहिला प्रश्न येतो तो घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. रेल्वे आहे ती घाटाखाली. मुंबई-हावडा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा निघून जातो. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि घाटावरचा माणूस अजून रस्त्यावरच अवलंबून आहे.

त्यामुळे आपल्याकडे ‘अप-डाऊन’ हा जगण्याचा एक प्रकारच झाला आहे. शिक्षक, बँकेतले, तहसीलमधले, दवाखान्यातले, जालन्याच्या कारखान्यांत जाणारे असे कितीतरी जण सकाळी सातला घर सोडतात आणि दिवेलागणीला परततात. आधी एसटीचा पास असतो, मग दुचाकी येते. दोन पावसाळे अंगावर काढले की घरात विषय निघतो, एखादी जुनी चारचाकी बघू या का? हा लेख त्या घरांसाठी आहे. एवढी मोठी रक्कम आपण बहुतेकदा रंग आणि मीटर पाहून देऊन टाकतो, आणि ज्या रस्त्यावर ती गाडी रोज धावणार त्याचा विचार पैसे दिल्यावर करतो. माझं सांगणं एवढंच आहे की आधी आपला रस्ता बघा, त्यावरचे पुढच्या तीन वर्षांचे किलोमीटर मोजा आणि त्यांना पुरेल अशी गाडी शोधा.

आधी वही-पेन

जाऊन-येऊन रोज 100 किलोमीटर धरा. खामगाव-अकोला किंवा बुलढाणा-खामगाव करणाऱ्याचं साधारण एवढंच होतं. महिन्याचे 24 दिवस धरले तर 2,400 किलोमीटर, वर्षाचे 28,800 आणि तीन वर्षांचे 86,400. म्हणजे मीटरवर 60,000 असलेली ‘कमी चाललेली’ गाडी तीन वर्षांत दीड लाखाच्या घरात जाते. दर 10,000 किलोमीटरला सर्व्हिसिंग म्हटलं तर वर्षाला जवळपास तीनदा.

आता इंधन. पेट्रोल 105 रुपये आणि डिझेल 92 रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडीने लिटरला 18 चं अ‍ॅव्हरेज दिलं तर महिन्याला 133 लिटर, म्हणजे 14,000 रुपये. डिझेलने 22 चं दिलं तर 109 लिटर, म्हणजे 10,000. महिन्याला चार हजार वाचले. रोजचा प्रवास 50 किलोमीटरच असेल तर बचत दोन हजारांवर येते. जुन्या डिझेल गाडीत इंजेक्टर किंवा टर्बोचं एक काम निघालं की ती वर्षभराची बचत त्यात जाते. म्हणून रोज 100 च्या पुढे जाणाऱ्यानेच डिझेलकडे वळावं; त्याहून कमी असेल तर 1,200 सीसीच्या आसपासची पेट्रोल गाडी सुखाची.

डिझेलमध्येही दोन पिढ्या आहेत. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसली. ही गाळणी हायवेच्या सलग वेगात तापून स्वतःच साफ होते आणि शहराच्या गर्दीत चोंदते. रोज महामार्गावर जाणाऱ्याला ती त्रास देत नाही, पण पहिल्या मालकाने गाडी पुण्याच्या ट्रॅफिकमध्येच वापरली असेल तर ती चोंदलेली मिळू शकते. बीएस-4 काळात स्विफ्ट, डिझायरपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत फियाटचं 1,248 सीसीचं एकच डिझेल इंजिन होतं. ते उघडता येणारा मिस्त्री आजही तालुक्याच्या गावात सापडतो. गाडी घेताना ही बाब मोलाची आहे.

सीएनजी स्वस्त पडतो, पण पंप आपल्या वाटेवर आहे का आणि तिथे रांग किती असते हे आधी पाहावं. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला मागा. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढलेलं नसेल तर ती गाडी सोडून द्या.

पेट्रोलवाल्यांनी आणखी एक पाहावं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्याला साजेशा भागांच्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. त्याआधीच्या गाडीत अ‍ॅव्हरेज थोडं घटतं आणि इंधनाच्या रबरी नळ्या लवकर कडक होऊ शकतात. नळ्या हाताने दाबून पाहा. तडा दिसला तर बदलून घ्या.

रस्ता काय मागतो

आपल्या जिल्ह्यात तीन प्रकारचे रस्ते आहेत आणि प्रत्येकाची मागणी वेगळी.

पहिला घाटाचा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर, मलकापूर अडीचशेच्या आसपास. मधली उतरण राजूर घाटाची. इथे क्लच आणि ब्रेक यांची रोज परीक्षा असते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, असं झालं तर क्लचप्लेट संपत आली. उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापून पकड सोडतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं. बोथा घाटाचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. संध्याकाळी रोही, रानडुक्कर, कधी अस्वल आडवं येतं. पिवळट पडलेल्या हेडलाइटच्या काचा तिथे जिवावर बेततात.

दुसरा राष्ट्रीय महामार्ग 53, मलकापूर-नांदुरा-खामगाव-अकोला. ट्रक, ट्रेलर आणि मे महिन्याचं 44-45 अंशांचं ऊन. इथे मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रेडिएटर. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आहे. कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं टाकलेल्या रेडिएटरमध्ये पांढरा थर धरतो, आणि अशी गाडी हिवाळ्यात उत्तम चालून मे महिन्यात रस्त्यात उभी राहते. इंजिन पूर्ण थंड असताना टोपण उघडा. आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट दिसलं तर बरं. गंजकट पाणी आणि काठावर पांढरी पापडी दिसली तर भाव कितीही पडला तरी पुढे जा.

तिसरा समृद्धी महामार्ग. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जाणारा हा रस्ता नागपूर-शिर्डी टप्प्यात 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला. मोटारीला ताशी 120 ची मर्यादा आहे, आणि सलग सिमेंटवर तास-तासभर धावताना जुना टायर तापतो. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर या रस्त्यावर नेऊ नये. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा इथे खासगी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि 25 माणसं गेली. त्यानंतर या जिल्ह्यात वेगाबद्दल कुणी हलकं बोलत नाही.

समृद्धीचा टोलही हिशेबात धरा. एप्रिल 2025 पासून मोटारीला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे. रोज 60 किलोमीटर जाऊन परतायचं तर दिवसाला सुमारे 250 आणि महिन्याला जवळपास 6,000 रुपये होतात, म्हणजे डिझेलच्या बचतीहून जास्त. 15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांत सुरू झालेला, 200 फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही.

एअरबॅग हा खर्च नव्हे

2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्या जाहीर केल्या. फोक्सवॅगन पोलो एअरबॅगविना शून्य तारे घेऊन बाहेर पडली, आणि तीच पोलो दोन एअरबॅगसह चार. पत्रा तोच, कंपनी तीच. म्हणून जुन्या गाडीत नुसतं मॉडेल पाहून चालत नाही, वर्ष आणि व्हेरिएंट पाहावं लागतं. एप्रिल 2019 पासून एबीएस, जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आणि 2021 संपताना शेजारच्या सीटची एअरबॅग प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. बजेट ताणता येत असेल तर ते सनरूफसाठी नव्हे, या तारखांच्या अलीकडे येण्यासाठी ताणा. टाटा नेक्सॉनला डिसेंबर 2018 मध्ये पाच, टियागोला जानेवारी 2020 मध्ये चार तारे मिळाले. असे निकाल मोबाइलवर कुणालाही पाहता येतात.

भारत सोडून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. शेव्हर्लेने 2017 अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये निर्णय जाहीर केला. त्यांतल्या काही गाड्या दणकट आहेत. पण पार्टसाठी आठ दिवस थांबायचं म्हणजे आठ दिवस ड्यूटीला कसं जायचं, हे आधी ठरवा.

बोनेटवर ठेवलेला हात

माझी गाडी घेताना एका रविवारी सकाळी मिस्त्रीभाऊंना सोबत घेऊन खामगावला गेलो. पांढरी, चकचकीत गाडी, मीटर 42,000. मी आत बसून स्टेअरिंग चाचपत होतो. भाऊंनी गाडी सुरूच करू दिली नाही. बोनेटवर तळहात ठेवला आणि मला हाक मारली.

‘‘सर, इकडं या. हात लावून पाहा.’’

बोनेट गरम होतं.

‘‘आपण येणार म्हणून त्यानं गाडी गरम करून ठेवली हाये. थंड्या गाडीले काय होते, ते पाह्याले पायजे. उद्या पहाटे येऊ, न सांगता.’’

मग त्यांनी चारी टायरचे आकडे वाचून दाखवले. गाडी 2016 ची, टायर 2021 चे आणि तेही झिजत आलेले. कंपनीचे पहिले टायर साधारण 40 ते 50 हजार चालतात. ते संपून दुसरा संचही अर्धा गेला असेल तर मीटर 42,000 कसं? ड्रायव्हर बाजूच्या दाराच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला होता, म्हणजे दार कधीतरी काढलं होतं. पुढची एक काच बाकीच्यांहून वेगळ्या कंपनीची. भाऊंनी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला आणि शेवटचा वीतभर भाग बोटांत चोळला. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यात तिथे माती राहते, असं त्यांनी सांगितलं. या गाडीत माती नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिन सुरू केलं तेव्हा मागून निळसर धुराचा लोट आला. इंजिन ऑईल खात होतं. आम्ही चहा घेतला आणि परत फिरलो. मिस्त्रींना दोन दिवसांचे मिळून हजार रुपये दिले. त्या हजारांनी माझे किमान 60,000 वाचवले.

कागद

एमएच 28 म्हणजे बुलढाणा. दुसऱ्या जिल्ह्याची पासिंग असली तर अडत नाही. परराज्याची असेल तर एनओसी आणि इथला कर यांचा खर्च आधी काढा. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशापासून निर्बंध आले आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. कर भरल्यावर त्या किती स्वस्त उरतात ते मांडून पाहा. आरसीची मुदत 15 वर्षांची असते. ती संपत आलेली गाडी घेतली तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा भार तुमच्यावर येतो.

इसार देण्याआधी परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालक, विमा, बँकेचा बोजा आणि थकलेली ई-चलनं पाहा. कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसिंगची नोंद मागवा. मीटर पाडलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30, बोजा असेल तर 35. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो-क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाबरोबर जातो. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट आहे ना, तेही पाहा.

विकणाऱ्यानेही सावध असावं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते. गाडी चार हात पुढे विकली गेली असली तरी. नाव बदलण्याच्या कोऱ्या फॉर्मवर सही करून किल्ली देणं म्हणजे आपलं नाव रस्त्यावर मोकळं सोडणं.

चौघे सहकारी मिळून पेट्रोलचा खर्च वाटून घेतात, ती आपल्याकडची चांगली रीत आहे. पण भाडं घेऊन प्रवासी बसवू नका. खासगी गाडीचा विमा त्याला संरक्षण देत नाही.

पैशाची वाटणी

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या उतरल्या. त्यामुळे जुनीचा भाव करताना आधी त्याच गाडीची आजची नवी किंमत विचारा.

आणि हाती साडेतीन लाख असतील तर साडेतीनची गाडी घेऊ नका. दोन लाख नव्वदची घ्या आणि साठ हजार बाजूला ठेवा. त्यात चार टायर, ब्रेकपॅड, बॅटरी, सगळी ऑईलं आणि कूलंट, अलाइनमेंट, विमा आणि नावावर करण्याचा खर्च बसतो. हे काम पहिल्या महिन्यात, पहिल्या घाटाच्या आधी करून घ्यावं.

मी शेवटी घेतली ती 2019 ची पेट्रोल गाडी, मीटरवर 71,000. त्या पांढऱ्या गाडीपेक्षा जास्त चाललेली. दारावर ओरखडा होता, रंगही मला न आवडणारा. पण डॅशबोर्डच्या कप्प्यात शाळेची दोनशे पानी वही होती. त्यात पहिल्या मालकाने प्रत्येक वेळचं ऑईल, प्रत्येक टायर, प्रत्येक टाकी तारीख आणि मीटरसह लिहिली होती. भाव मी तिथेच कमी करायचं थांबवलं.

ती वही अजून त्याच कप्प्यात आहे. गेल्या आठवड्यात ब्रेकपॅड बदलले, त्याची नोंद मी पहिल्या मालकाच्याच पद्धतीने केली: तारीख, मीटर, रक्कम. कधीतरी ही गाडी तिसऱ्या कुणाच्या अप-डाऊनला जाईल. त्याने बोनेटवर हात ठेवावा, टायरचे आकडे वाचावेत आणि मग ही वही उघडावी.