सायकलची साखळी खरेच ताणते का?

साखळी सैल झाली की आपण म्हणतो, ती ताणली गेली. प्रत्यक्षात पोलाद ताणत नाही. कड्या जोडणाऱ्या पिना आणि त्यांची भोके झिजतात. चाक मागे ओढून साखळी ताठ होते, पण झीज तशीच राहते.

नव्या साखळीत लगतच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते; म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. ही लांबी १/१६ इंचाने वाढली, की साखळी बदलावी. १/८ इंचाने वाढली, तर बहुधा फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असतात. मग दोन्ही बदलावे लागतात. नाहीतर नवी साखळी जुन्या दात्यांवरून घसरते आणि चढावर जोर लावताना सायकलस्वार पडू शकतो.

विद्यार्थ्यांना फूटपट्टी देऊन आपापली साखळी मोजू द्या.