सातशे किलोचं रीळ, धावतं मशीन आणि मुलाखतीत मला न आलेलं उत्तर



पीएचडीच्या प्रवेश मुलाखतीत मला एका सरांनी विचारलं होतं, "तुमचा प्रॉब्लेम नेमका काय आहे?" मी मोठ्या उत्साहात म्हणालो, "सर, छापखान्यात कागदाचं जड रीळ बदलायचं काम हाताने होतं, ते स्वयंचलित करायचं." सर म्हणाले, "हे उत्तर झालं. मी प्रॉब्लेम विचारला." मी गप्प. पुढची दोन मिनिटं काय बोललो ते आठवायचीसुद्धा इच्छा नाही.

पुढे विषय थोडा बदलला. आज मी पातळ प्लास्टिक फिल्मवर लेप देण्याच्या प्रक्रियेवर काम करतो. पण तिथेही रीळ आहे, ताण आहे, जोड आहे. त्यामुळे तो प्रश्न काही सुटला नाही. आजच्या लेखात रीळ बदलण्याचं यंत्रशास्त्र समजून घेऊ आणि त्यातून "प्रॉब्लेम" म्हणजे काय तेही बघू. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांनी कागद-पेन घेऊनच वाचा. गणितं अकरावी-बारावीची आहेत.

आधी रिळाची ओळख

वर्तमानपत्र सुट्या कागदांवर छापत नाहीत. कागद रिळावरून सलग सुटतो, छपाईच्या सिलिंडरमधून जातो आणि शेवटी कापून, घडी होऊन बाहेर पडतो. या धावत्या कागदाला छापखान्यात 'वेब' म्हणतात. सलग रिळावर चालणारं रोटरी मशीन अमेरिकेत विल्यम बुलक यांनी १८६३ मध्ये आणलं. सुटे कागद हाताने भरायची कटकट त्यामुळे गेली. पण एक नवी कटकट आली: रीळ संपतं!

किती वेळात संपतं? एक रीळ घेऊ. व्यास १ मीटर, रुंदी १.४ मीटर, न्यूजप्रिंट ४५ जीएसएमचा, जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर. रिळाच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. त्याला जाडीने भागा. कागदाची लांबी येते सुमारे ११,२०० मीटर, म्हणजे ११ किलोमीटरहून जास्त. वजन सुमारे ७०० किलो. मोठं मशीन सेकंदाला १० मीटर कागद ओढत असेल, तर हे रीळ १९ मिनिटांच्या आत संपतं.

म्हणजे रात्रीच्या छपाईत दर १९ मिनिटांनी मशीन थांबवायचं, रीळ लावायचं, पुन्हा वेग घ्यायचा. थांबताना आणि वेग घेताना छपाई बिघडते, त्या प्रती रद्दीत जातात. आणि पहाटेची एसटी तर कोणासाठी थांबत नाही.

आता सरांचा प्रश्न. यात प्रॉब्लेम कोणता? मला आज दिसतं की प्रॉब्लेम एक नाही, चार आहेत. आणि प्रत्येकाचं शास्त्र वेगळं आहे.

पहिला प्रॉब्लेम: रीळ मशीनपर्यंत नेणं

माझे काका एका छोट्या छापखान्यात हेल्पर होते. तिथलं मशीन लहान, त्यामुळे रीळ निम्म्या रुंदीचं, साधारण ३५० किलोचं. गोल असल्यामुळे दोन माणसं ते आरामात ढकलायची. एकदा रीळ थोडं पुढे गेलं आणि काकांनी सवयीने पाय आडवा घातला. पायाची तीन बोटं मोडली. घरी सगळे म्हणाले, "लक्ष नव्हतं." मीही तेच समजत होतो. पुढे गणित केल्यावर माझं मत बदललं.

फरशीला ५० मीटरला १ मीटर इतकाच उतार आहे असं धरा. डोळ्याला तो कळतही नाही. घर्षण सोडून दिलं, तर या उतारावर भरीव दंडगोल सेकंदागणिक सुमारे ०.१३ मीटर प्रतिसेकंद इतका वेग घेतो. चार मीटर गेल्यावर वेग होतो १ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे आपण सावकाश चालतो तेवढा. या वेळी रिळाची ऊर्जा किती? फक्त अर्धा एमव्ही वर्ग धरू नका, रीळ फिरतंयसुद्धा. फिरण्याची ऊर्जा मिळवली की एकूण पाऊण एमव्ही वर्ग होते. म्हणजे सुमारे २६० जूल. हे रीळ पायाने थांबवायचं तर अंतर मिळतं फार तर १० सेंटिमीटर. २६० जूल भागिले ०.१ मीटर, म्हणजे २,६०० न्यूटन. पायावर अडीच क्विंटलहून जास्त भार!

बघा, ढकलायला लागतं सात-आठ किलोचं बळ आणि थांबवायला लागतं अडीचशे किलोचं. हा फरक माणसाच्या अंदाजात बसत नाही, म्हणून पाय आडवा जातो. दोष लक्षाचा कमी आणि मोकळ्या रिळाचा जास्त. त्यामुळे इथली सुधारणा अगदी साधी आहे: रीळ मोकळं फिरूच द्यायचं नाही. जमिनीत बसवलेल्या रुळांवर ट्रॉली, तिच्यात रिळासाठी खोलगट बैठक, आणि रीळ ठेवायच्या जागी पाचरी. यात सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. पण काकांची बोटं यानेच वाचली असती.

दुसरा प्रॉब्लेम: रीळ उचलून मध्यावर बसवणं

जुन्या पद्धतीत रिळाच्या पुठ्ठ्याच्या नळीतून, म्हणजे कोअरमधून, लोखंडी दांडा घालतात. दोन्ही बाजूंनी शंकूच्या आकाराचे कोन घट्ट आवळतात आणि चेन पुलीने सगळं वर उचलतात. यात दोन अडचणी आहेत. दांडा स्वतःच जड असतो आणि दर रिळाला तो काढावा-घालावा लागतो. शिवाय कोन एकीकडे जास्त आवळला गेला तर रीळ मध्यावर बसत नाही. मग ते फिरताना हेलकावतं आणि कागदाचा ताण प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त होतो.

यावर एक उपाय म्हणजे हवेने फुगणारा दांडा. हवा भरली की त्याच्या पट्ट्या बाहेर येऊन कोअरला आतून सगळीकडे सारख्या पकडतात. हवा सोडली की दांडा सुटतो, पान्याची गरज नाही. त्याहून पुढचा उपाय म्हणजे दांडाच काढून टाकायचा. दोन बाहूंवर दोन छोटे पकड-तुकडे बसवायचे. ते दोन्ही टोकांनी कोअरमध्ये शिरतात, फुगतात, आणि बाहूच रीळ वर उचलतात. मोठ्या मशीनवर असे दोन-दोन किंवा तीन-तीन बाहूंच्या जोड्या एका मध्यरेषेभोवती फिरतात. एक रीळ चालू असतं, दुसरं तयार, तिसरं चढवलं जात असतं. याला रीलस्टँड म्हणतात.

तिसरा प्रॉब्लेम: धावत्या कागदाला जोड देणं

आता गंमत बघा. मशीन न थांबवता जोड द्यायचा, तर थांबलेल्या रिळाला धावता कागद चिकटवून चालेल का? समजा चिकटवला आणि कागदानेच ओढून ते रीळ एका सेकंदात १० मीटर प्रतिसेकंद वेगाला आणायचं आहे. लागणारं बळ निघतं अर्धा एम गुणिले प्रवेग, म्हणजे ३,५०० न्यूटन. न्यूजप्रिंट मीटरभर रुंदीला साधारण २ ते २.५ किलोन्यूटनला तुटतो. आपल्या १.४ मीटरला फार तर ३,५०० न्यूटन. म्हणजे कागद तुटलाच समजा.

म्हणून नवं रीळ आधीच फिरवून ठेवायचं. त्याची ऊर्जा काढून बघा: पाव एमव्ही वर्ग, म्हणजे १७,५०० जूल. ३० सेकंदांत द्यायची तर सरासरी ६०० वॉटही लागत नाहीत. घरातल्या मिक्सरएवढी शक्ती! बळ फार मोठं नाही, फक्त ते सावकाश आणि आधी द्यायचं.

पण फिरवायचं कसं? रीळ मधून फिरवलं तर त्याचा व्यास अचूक माहीत हवा, कारण पृष्ठभागाचा वेग म्हणजे कोनीय वेग गुणिले त्रिज्या. त्याऐवजी रिळाच्या बाहेरच्या अंगाला पट्टे टेकवून फिरवलं तर? पट्ट्याचा वेग कागदाच्या वेगाइतका ठेवला की रीळ लहान असो वा मोठं, पृष्ठभागाचा वेग आपोआप जुळतो. मला ही कल्पना फार आवडते. मोजमाप अचूक करण्याऐवजी त्याची गरजच संपवली. मधून फिरवणारी यंत्रंही आहेत, ती सेन्सरने व्यास मोजतात.

नव्या रिळाच्या सुरुवातीच्या कडेला माणूस आधीच दुहेरी चिकटपट्टी लावून ठेवतो, बहुतेक वेळा व्ही किंवा डब्ल्यूसारख्या आकारात. कड सरळ असती तर सगळा जोड एकाच क्षणी रोलरमधून गेला असता. तिरकी कड हळूहळू जाते. ही कड उडू नये म्हणून नाजूक पट्ट्यांनी धरून ठेवतात. १० मीटर वेगाला आणि अर्धा मीटर त्रिज्येला पृष्ठभागावरचा प्रवेग येतो २०० मीटर प्रतिसेकंद वर्ग, गुरुत्वाच्या वीसपट. म्हणजे पट्टी इतकी मजबूत हवी की वीसपट ओढीला आणि वाऱ्याला टिकेल, आणि इतकी कच्ची हवी की जोड लागताच तुटेल.

मग तो क्षण येतो. जुनं रीळ ठरलेल्या व्यासाला आलं की एक रोलर किंवा ब्रश धावत्या कागदाला नव्या रिळावर दाबतो. चिकटपट्टी कागद पकडते आणि लगेच मागची सुरी जुना कागद कापते. रिळाचा एक फेरा होतो ०.३१ सेकंदात. सुरीची वेळ १० मिलिसेकंदांनी चुकली की कापण्याची जागा १० सेंटिमीटरने चुकते. माणूस बटण दाबायला ०.२ सेकंद घेतो, तेवढ्यात २ मीटर कागद निघून जातो. स्वयंचलन इथे खरोखर अपरिहार्य आहे. बाकी ठिकाणी ते सोय आहे.

चौथा प्रॉब्लेम: ताण सारखा ठेवणं

रिळाला ब्रेक लावूनच कागद ताणलेला ठेवतात. समजा ताण हवा ३०० न्यूटन. रीळ भरलेलं असताना त्रिज्या अर्धा मीटर, ब्रेकचं टॉर्क १५० न्यूटन-मीटर. आता ब्रेक तसाच ठेवला आणि त्रिज्या ०.१ मीटर झाली, तर ताण होतो १,५०० न्यूटन, पाचपट! म्हणजे रीळ संपत जाईल तसा ब्रेक सैल करायला हवा. आणि जोडाच्या क्षणी तर रिकाम्या रिळाचा सैल ब्रेक सोडून भरल्या रिळाचा ब्रेक घ्यायचा असतो. मध्ये डान्सर रोलर असतो. ताण कमी-जास्त झाला की तो हलतो, आणि त्याच्या हलण्यावरून ब्रेक ठरतो. माझ्या फिल्मच्या यंत्रात माझे पहिले सहा महिने या एका रोलरने खाल्ले.

मग प्रॉब्लेम म्हणजे काय?

आता मागे वळून बघा. "रीळ बदलणं स्वयंचलित करायचं" या एका वाक्यात माणसाची सुरक्षितता, पकड, गतिशास्त्र आणि नियंत्रण असे चार प्रश्न दडले होते. एकाचं उत्तर पाचर आहे, तर एकाचं मिलिसेकंदातली सुरी. मी मुलाखतीत चारही एकत्र बांधून एकच शब्द बोललो.

प्रॉब्लेम सांगताना तीन गोष्टी यायला हव्यात: कोणती राशी, किती असायला हवी, आणि आज का नाही. उदाहरणार्थ: "कोअरवर १० मिलिमीटर कागद उरलेला असताना जोड दिला, तर ७६ मिलिमीटरच्या कोअरवर सुमारे ३९ मीटर कागद वाया जातो. ३ मिलिमीटरला दिला तर साडेदहा मीटर. पण तिथे व्यास मोजण्यातली चूक महागात पडते, कारण कागद आधीच संपू शकतो. ती चूक कमी करायची आहे." हा प्रॉब्लेम झाला. यावर कोणी प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर असेल.

अजून एक. विल्यम बुलक १८६७ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःच्याच मशीनमध्ये पाय सापडून जखमी झाले आणि त्यातच गेले. ज्याने यंत्र बनवलं, त्यालाही ते ओळखता आलं नाही. म्हणून सिनॉप्सिसमध्ये आकृती काढाल तेव्हा यंत्राशेजारी उभा असलेला माणूसही काढा. तो कुठे उभा आहे, त्याचा हात कुठे जातो, त्याचा पाय कुठे आहे.

आता तुमचा अभ्यास: तुमच्या विषयाचं शीर्षक घ्या आणि त्याचे किमान तीन वेगळे प्रश्न पाडा. प्रत्येकासमोर एक राशी आणि तिचं एकक लिहा. ज्याच्यासमोर एकक लिहिता येत नाही, तो प्रश्न अजून तयार झालेला नाही असं समजा. गाईडकडे जाण्याआधी हे करा. मी नंतर केलं, म्हणून सांगतोय.

काकांना मागच्या दिवाळीत मी ते उताराचं गणित दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे माझं लक्ष होतं तर."