बालमनाच्या उपचारकाचे शिक्षण

वर्गातील एखादे मूल एकाएकी बोलेनासे होते, दुसरे क्षुल्लक कारणावरून मारामारी करते, तर तिसरे चुणचुणीत असूनही अक्षरांशी झगडत राहते. अशा मुलांस ‘हट्टी’, ‘मठ्ठ’ किंवा ‘बाधा झालेले’ ठरवून मोकळे होणे सोपे असते. परंतु त्यायोगे मुलाचे दुःख शमत नाही. अशा मुलांवर उपचार करणारी व्यक्ती कशी तयार होते हे जाणल्यास शिक्षकास आपल्या कार्याचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही उमगतील.

या कार्याचा आपल्या देशातील आरंभ मुंबईत झाला. १९३६ साली भायखळ्यानजीक नागपाडा येथे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याच्या विद्यमाने बालमार्गदर्शन केंद्र निघाले. भारतातील असे हे पहिले केंद्र मानले जाते. आज हेच विद्यालय टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. परळचे के. ई. एम. व शीव येथील लोकमान्य टिळक ही महापालिकेची रुग्णालये मानसोपचाराची सेवा देतात.

बालमार्गदर्शन केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता हे तिघे मिळून काम करतात. पहिला आजाराचे निदान करतो, दुसरा बुद्धी व भावना यांची चाचणी घेतो आणि तिसरा घर व शाळा यांची परिस्थिती समजून घेतो. मूल एकटे आजारी पडत नसते, हे तत्त्व या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

उपचारकाच्या शिक्षणाची सर्वांत बोधप्रद पद्धत लंडनमधील आहे. टॅव्हिस्टॉक संस्थेत १९४८ साली जॉन बोल्बी यांच्या पाठिंब्याने एस्थर बिक यांनी ती सुरू केली. विद्यार्थी दर आठवड्यास ठरावीक वेळी एका तान्ह्या मुलाच्या घरी जातो व तासभर केवळ पाहत बसतो. तो सल्ला देत नाही, तेथे टिपणे घेत नाही. परतल्यावर आठवून सर्व लिहून काढतो व त्यावर अनुभवी शिक्षकांसमवेत चर्चा होते. हा क्रम दोन वर्षे चालतो. पुढे तो जाणत्यांच्या देखरेखीखाली मुलांवर उपचार करतो. लहान मुलास आपली व्यथा शब्दांत सांगता येत नाही. म्हणून बाहुल्या, चित्रे व माती यांच्याद्वारे ती जाणून घ्यावी लागते. शिवाय स्वतःच्या मनातील राग व भीती मुलावर लादली जाऊ नये, यासाठी उपचारकासही आत्मपरीक्षणातून जावे लागते. आठ दिवसांच्या वर्गाने हे साधत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे काय, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

शिक्षकाने उपचारक होण्याचा प्रयत्न करू नये. मात्र निरीक्षणाचा धडा त्याने अवश्य घ्यावा. समजा, तिसरीतील एका मुलाचा पिता कामासाठी मुंबईस गेला आणि मूल गप्प झाले. ‘मुलगा आळशी आहे’ असे न लिहिता, ‘तीन आठवडे मधल्या सुट्टीत एकटा बसतो, डबा उघडत नाही’ असे दिनांकासह लिहावे. पहिले वाक्य निव्वळ शिक्का होय. दुसरे वाक्य तज्ज्ञास उपयोगी पडते. नंतर आईस एकांतात विश्वासात घ्यावे, मुलाची गोष्ट इतरांत चर्चेस आणू नये आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे जाण्यास साहाय्य करावे. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्वांसाठी विनामूल्य आहे. मूल जीव देण्याची भाषा बोलत असेल, तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी. अत्याचाराचा संशय आल्यास २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. परंतु कायद्याच्याही आधी, मुलाकडे शांतपणे पाहणारी एक नजर शाळेत असावी लागते. खेड्यातील मुलास तज्ज्ञ दूर असतो. शिक्षक मात्र रोज समोर असतो.