स्टँडवरची चाळीस माणसं

मोडनिंबच्या एसटी स्टँडवर सकाळी आठ वाजता उभी असलेली माणसं मोजा. समजा आज चाळीस भरली, उद्याही चाळीसच. तुम्ही वहीत लिहाल, ‘बदल नाही.’ पण कालचीच चाळीस अजून ताटकळत आहेत, की काल ती गाडी धरून गेली आणि ही सगळी नवी? आकडा काही बोलत नाही. त्यासाठी चेहरे ओळखावे लागतात.

चेहरे ओळखून मोजण्याचं काम इथून जवळच झालंय. सोलापूरच्या दिशेनं निघालं की मोहोळ तालुका लागतो. त्यातलं शिरापूर हे काळ्या खोल रानाचं, रब्बी ज्वारीचं गाव. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं 1975 साली अभ्यासासाठी काही गावं निवडली, त्यात हे होतं. गावातली चाळीस घरं धरली: दहा भूमिहीन मजुरांची, बाकीची लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचा माणूस गावातच मुक्कामाला. दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन वही उघडायची: काय पिकलं, काय विकलं, किती खाल्लं, कुणाकडून कर्ज घेतलं. चिकाटी विचारणाऱ्याची खरीच, पण मला सांगणाऱ्यांची जास्त वाटते.

राघव गैहा आणि अनिल देवळालीकर या अर्थशास्त्रज्ञांनी इक्रिसॅटच्या गावांतल्या नऊ वर्षांच्या नोंदी घरवार लावून पाहिल्या. शंभरातली साधारण 22 घरं नऊच्या नऊ वर्षं गरीब होती. कधीच गरीब नव्हती अशी जेमतेम 12. उरलेली सारी गरिबीच्या रेषेच्या आत-बाहेर करत होती! दरवर्षी नव्या घरांना विचारलं असतं, तर ही ये-जा दिसलीच नसती.

आता या नोंदींवरून प्रत्येक घराच्या कमाईची वर्षागणिक रेघ आखायची. कुठून सुरुवात झाली आणि चढ किती, या दोन गोष्टी घरागणिक वेगळ्या. पण एखाद्या घराच्या तीनच नोंदी असतील आणि त्यातलं एक साल दुष्काळाचं असेल, तर त्या रेघेवर भरवसा कसा ठेवायचा? नॅन लेअर्ड आणि जेम्स वेअर या संख्याशास्त्रज्ञांनी 1982 साली मांडलेल्या पद्धतीत यावर उतारा आहे. घराची रेघ थोडी गावाच्या सरासरी रेघेकडे ओढायची. नोंदी भरपूर असतील तर ओढ कमी, तुटपुंज्या असतील तर जास्त. म्हणजे माहितीची हातउसनवारीच की ही!

आणि गंमत बघा. याच शिरापूरच्या आणि आणखी दोन गावांच्या नोंदी घेऊन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 साली दाखवलं, की घराचा खाण्यापिण्याचा खर्च त्या घराच्या स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर जास्त खालीवर होतो. एका घराचं पीक बुडालं तरी त्याची चूल लगेच विझत नाही. कुणी धान्य देतं, कुणी पैसे. गणितवाल्यांनी कागदावर जे केलं, ते शिरापूरकर आधीपासूनच पायलीनं मापून करत होते.