ब्रुअरचे रॉक केंद्र आणि त्याचा धनी

अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदीच्या दोन तीरांवर बँगोर आणि ब्रुअर ही गावे वसली असून, दोहोंची लोकसंख्या एकत्र धरली तरी ती पन्नास हजारांच्या आतच राहते. ब्रुअरच्या नावे परवाना असलेले डब्ल्यूकेआयटी हे १००.३ मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्र ‘क्लासिक रॉक’ वाजवते, म्हणजे मुख्यतः १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९८०च्या दशकापर्यंतचे रॉक संगीत. हा प्रकार रूढ झाला तो १९८०च्या दशकात, जेव्हा या गाण्यांवर वाढलेली पिढी कमावती झाली आणि जाहिरातदारांना ती हवीशी वाटू लागली.

या केंद्राचा इतिहास त्याच्या संगीतापेक्षा मालकीच्या अंगाने अधिक बोलका आहे. भयकथांसाठी जगभर वाचला जाणारा कादंबरीकार स्टीफन किंग बँगोरचा रहिवासी होता आणि १९८३ मध्ये त्याने तिथले ६२० किलोहर्ट्झवरील एक एएम केंद्र विकत घेऊन आपल्या ‘द डेड झोन’ (१९७९) या कादंबरीवरून त्याचे नाव डब्ल्यूझेडओएन असे ठेवले. व्यवहाराच्या दृष्टीने हा मुहूर्त चुकलेलाच म्हणायचा; कारण एएम पद्धतीत ध्वनी लहरींच्या उंचीतील चढउतारांवर वाहून नेला जात असल्याने खरखर अधिक येते, आणि संगीताचे श्रोते तोवर स्वच्छ आवाजाच्या एफएमकडे वळू लागले होते. पुढे काही काळ जाहिराती सोडून ते अव्यापारी तत्त्वावर चालवून पाहण्यात आले, १९९० मध्ये विकलेही गेले; पण १९९३ मध्ये ते पुन्हा किंगच्या हाती आले. १९९५ मध्ये किंग दांपत्याच्या झोन कॉर्पोरेशनने डब्ल्यूकेआयटी घेतले, तेव्हा कुठे किंगच्या रॉकप्रेमाला साजेसे एफएम केंद्र लाभले.

लगेच पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने दूरसंचार कायदा संमत केला. त्यापूर्वी एका कंपनीला देशभरात २० एएम आणि २० एफएम केंद्रांपुढे जाता येत नसे. ही राष्ट्रीय मर्यादा १९९६च्या कायद्याने काढून टाकली आणि एकाच मोठ्या शहरात आठपर्यंत केंद्रे बाळगण्याची मुभा दिली. क्लिअर चॅनल या कंपनीकडे काही वर्षांतच बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. अशा कंपनीची एकाच गावातील चार-पाच केंद्रे एका इमारतीतून, एका विक्री विभागावर आणि एका तंत्रज्ञावर चालतात, तर दूरच्या शहरातला निवेदक आपला आवाज आधी ध्वनिमुद्रित करून अनेक गावांना पुरवतो. या पद्धतीला ‘व्हॉइस ट्रॅकिंग’ म्हणतात. बँगोरमध्येही बाहेरच्या कंपन्या आल्या. क्युम्युलसची तिथली केंद्रे २०१२ मध्ये टाउनस्क्वेअर मीडियाकडे गेली.

या चढाओढीत किंगची केंद्रे स्वतंत्र राहिली याचे कौतुक वारंवार झाले आणि ते अस्थानी नव्हते. परंतु हे स्वातंत्र्य बाजारात कमावलेले नसून कादंबऱ्यांच्या मानधनावर पोसलेले होते, हे विसरून चालत नाही. तोटा सोसणारा धनी असेपर्यंतच त्याची मुदत होती. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, किंगने वय आणि सततचा तोटा ही कारणे देऊन डब्ल्यूकेआयटी, डब्ल्यूझेडओएन आणि त्याचे तिसरे केंद्र डब्ल्यूझेडएलओ ही तिन्ही केंद्रे ३१ डिसेंबरला बंद करण्याचे जाहीर केले. चाळीस वर्षांत एकाही वारसदार व्यवस्थेची, मग ती न्यास असो वा श्रोत्यांची सहकारी संस्था, पायाभरणी झालेली दिसत नाही, ही या औदार्याची उणी बाजू.

मुदत संपता संपता दोन स्थानिक व्यावसायिक पुढे आले आणि त्यांनी डब्ल्यूकेआयटी घेण्याचे ठरवले. अमेरिकेत वारंवारता ही खासगी मालमत्ता नसते. मालकाकडे असतो तो ठरावीक मुदतीचा परवाना, आणि तो दुसऱ्याच्या नावे करण्यास संघीय दळणवळण आयोगाची संमती लागते. नव्या मालकांपाशी कादंबऱ्यांचे उत्पन्न नसल्याने केंद्राचा खर्च आता बँगोर-ब्रुअरच्या दुकानदारांच्या जाहिरातींतूनच भागवावा लागणार आहे, आणि त्या जाहिरातींवर शेजारच्या टाउनस्क्वेअरचा विक्री विभागही डोळा ठेवून आहेच.