गिरणेची वाळू, कोल्लमचा समुद्र

मंडळी, गिरणाकाठच्या शेतकऱ्याला विचारा, वाळू उपसली की काय होतं? पात्र खोल जातं, पाणी धरून ठेवायला काही उरत नाही अन् विहिरी आटतात. हाच प्रश्न समुद्राकाठीही उभा राहिला. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये १३ सागरी खाणपट्टे लिलावास काढले; त्यांतले ३ केरळात कोल्लमजवळचे, बांधकामाच्या वाळूचे. तळ ढवळला की पाणी गढूळ होतं, माशांचं खाद्य अन् अंडी घालायची जागा जाते. म्हणून २७ फेब्रुवारी २०२५ रोजी मच्छीमारांनी किनाऱ्यावर बंद पाळला. ४ मार्चला केरळ विधानसभेनेही विरोधाचा ठराव केला. त्यांचा समुद्र, आपली नदी, दुखणं एकच. ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला, तर गप्प बसू नका.